डावा खालचा कोपरा

काका दार लावायचे नाहीत. ऑफिसचं नाही, गाडीचंही नीट नाही आणि बाथरूमचंसुद्धा अर्धवटच. आत गेले की मोठमोठ्याने खोकत राहायचे, आम्ही काय ते समजून घ्यायचं. मे महिन्यात मस्कतच्या हमरियातल्या त्या काडेपेटीएवढ्या ऑफिसात एसी घरघरतोय आणि दार सताड उघडं. मी वैतागून उठून लावायची, ते वैतागून उठून उघडायचे.

"काका, गार हवा सगळी रस्त्यावर चाललीय."

"जाऊ दे गो बाय. रस्त्याला पण उकडतंय."

आणि या माणसाचा धंदा काय, तर लोकांच्या बाल्कन्या बंद करायच्या. कबुतरांच्या जाळ्या. मस्कतमध्ये चार दिवस राहिलेल्या माणसालाही हे समजावून सांगायला नको. एसीच्या बाहेरच्या डब्यामागे कबुतरं संसार थाटतात, मग घाण, पिसं, पहाटेपासून घू घू. बायका रडकुंडीला येतात. मग कोणीतरी सांगतं, हमरियातल्या जाळीवाल्या काकांना बोलवा.

माझी शाळेतली नोकरी सुटली होती आणि घरात बसून माझं डोकं फिरायची वेळ आली होती, म्हणून मी त्यांच्याकडे फोन घ्यायला लागले. खाली लाँड्री, वर आम्ही. मी पुण्याची, ते गुहागरकडच्या एका वाडीतले. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "पुण्याची काय? मग तू फोनवर बोल. लोक घाबरून पैसे देतील." मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

त्यांच्या खिशात पेन नसायचं. पेनच्या जागी जाळं विणायची लाकडी सुई असायची, वापरून वापरून काळी गुळगुळीत झालेली. बँकेत सही करायची वेळ आली की तीच बाहेर काढायचे, बघायचे, परत ठेवायचे आणि समोरच्याचं पेन मागायचे. मेझरिंग टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. सगळं वितीने. बाल्कनीच्या कठड्यावरून त्यांचा हात अळीसारखा चालत जायचा, आणि शेवटी जो आकडा सांगतील त्यात कधी चूक निघाली नाही, हे कबूल केलंच पाहिजे. लिफ्टला ते पिंजरा म्हणायचे. सातव्या मजल्याची जाळी असली तरी जिन्याने चढायचे, आणि वर पोचल्यावर गिऱ्हाइकाआधी कबुतरांना शिव्या द्यायचे. "काय गो भवान्यांनो, दुसरं घर नाय मिळालं? हितं भाडं किती हाय माहीत हाय काय?" कबुतरं उडायची नाहीत. मान वाकडी करून ऐकायची.

पण काकांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. प्रत्येक जाळीला ते एक फट ठेवायचे. आतून बाहेर बघताना डावीकडचा, अगदी जमिनीलगतचा कोपरा. तिथे वीतभर जाळी शिवायचीच नाही, नुसती सोडून द्यायची.

मग माझा फोन वाजायचा. एकदा एका बाईंनी मला असं काही झापलं की त्याही पुण्याच्याच असणार हे मी ओळखलं. "अहो, पैसे पूर्ण जाळीचे घेता आणि कोपरा शिवत नाही? फट राहिलीय!" मी फोन काकांकडे दिला.

"फट राहिली नाय, बाई. ठेवलीय."

"ठेवलीय म्हणजे? कबुतर आत येईल ना!"

"ते वरून येतं. चालत येत नाय. आणि चुकून आत आलंच, तर जाईल कुठून? आधी वर धडका मारतं. लय मारतं. मग दमतं, खाली बसतं, भिंतीच्या कडेकडेने चालाय लागतं. चालता चालता कोपरा गावतो." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "दमल्याबिगर वाट गावत नाय, बाई. पण वाट असाय तर हवी."

बाईंनी फोन आपटला. काकांनी चहा बशीत ओतला.

हे खूळ कुठून आलं ते मला लाँड्रीवाल्याने सांगितलं, काकांनी कधीच नाही. पूर्वी ते जाळ्या घट्ट शिवत. जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली की इथली अर्धी हमरिया कुलपं लावून गावी जाते, दोन-दोन महिने. अशाच एका बंद घराच्या बाल्कनीत कुठूनतरी एक कबुतर अडकलं. जाळीत फटच नव्हती, काकांचं काम इतकं चोख. कुटुंब परत आलं तेव्हा ते जाळीला पाय अडकून वाळून गेलेलं होतं. काकांना साफ करायला बोलावलं. त्या दिवसापासून डावा खालचा कोपरा. डावाच का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सगळीकडे एकच जागा असली म्हंजे बरं. मेल्यांना लक्षात राहील." जसं काही हमरियाची कबुतरं एकमेकांना पत्ते सांगतात!

वर्कशॉप बरक्याला होतं, समुद्राकडच्या बाजूला. तिथल्या कारागिरांच्या बोटांना ती सवय इतकी लागली होती की त्यांना काही सांगावं लागत नसे. जाळी शिवत यायचं, डाव्या खालच्या कोपऱ्याशी आलं की हात आपोआप थांबायचा. त्यांच्यातला सगळ्यात हुशार संतोष, काकांच्या बहिणीचा मुलगा. काकांना मूलबाळ नव्हतं, काकी गेलेल्या. संतोषला त्यांनी गावाहून आणलं, सुई हातात दिली, आणि दर शुक्रवारी त्याला समोर बसवून स्वतःच्या हातचं माशाचं कालवण जेवू घालायचे. मग संतोष लायसन्स काढून पार दक्षिणेला सलालाला गेला, टँकरवर ड्रायव्हर म्हणून. त्या शुक्रवारी काकांनी कालवण केलं नाही. नंतर म्हणाले, "जाऊ दे. दार उघडंच होतं."

सलालाच्या त्या कंपनीचे टँकर सीमेपर्यंत जायचे. सीमेपलीकडे लढाई चालू होती. कोणाची कोणाशी ते मी सांगत नाही. दुसऱ्याच्या देशात राहून असल्या गोष्टींची नावं घेऊ नयेत ही इथली पहिली शिकवण. पलीकडे आघाडीवरच्या सैन्याला पाणी, पीठ, डिझेल लागायचं, आणि ते सगळं डोंगरातल्या एकाच वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून, एकाच रस्त्याने जायचं. जो ड्रायव्हर सीमा ओलांडून पुढे जायला तयार होईल त्याला पगार दुप्पट. संतोष तयार झाला. गावी घराचा स्लॅब टाकायचा होता.

मग त्या रस्त्यावर ड्रोन यायला लागले. छोटे, घोंघावणारे, पोटाला स्फोटक बांधलेले. संतोष मामाला व्हॉइस मेसेज पाठवायचा आणि काका तो स्पीकरवर लावून माझ्यासमोरच ऐकायचे. आधी कंपनीने टपावर एक डबा बसवला, सिग्नल जाम करणारा. थोडे दिवस बरे गेले. मग दोऱ्याएवढ्या बारीक तारेवरचे ड्रोन यायला लागले, त्यांना सिग्नलच लागत नाही, डबा काय करणार? मग टपावर बंदूकवाला बसवला. तो उन्हाने चक्कर येऊन पडला. मग म्हणे गाड्या लांब लांब सोडा. काही केलं तरी पलीकडचे दोन दिवसांत त्यावर तोड काढायचे.

"मामा," एका मेसेजमध्ये त्याचा आवाज इतका दमलेला होता की मला फोन बंद करावासा वाटला, "आता आम्ही रस्त्याकडे बघतच नाय. वरच बघतो. मान मोडली पार."

"परत ये म्हणावं," मी म्हटलं.

"म्हटलं. स्लॅब होऊ दे म्हणतो." काकांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "वरून येतंय गो बाय. वरून येणाऱ्याला जाळी लागते. डबे काय बांधतात मेले!"

हे त्यांनी चिडून म्हटलं होतं, धंदा म्हणून नाही. पण महिन्याभरात खरंच एक एजंट सलालाहून आमचं ऑफिस शोधत आला. गोड बोलणारा, घामाघूम झालेला माणूस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब ठोकायचे आणि वरून, बाजूंनी जाळीचा बोगदा करायचा असं ठरलं होतं. जाळी जाड हवी, मासेमारीची. "काका, कर दोगे? यल्ला, जल्दी चाहिए."

काका आधी नाही म्हणाले. "लढाईचं काम नको. आमची कबुतरं बरी." मग त्यांनी रस्ता कुठला ते विचारलं. एजंटने संतोषच्याच वादीचं नाव सांगितलं. काकांनी खिशातली सुई काढली, बघितली आणि परत ठेवली.

"करतो," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. बाल्कन्यांची सगळी कामं बंद. गिऱ्हाइकांना मी थापा मारत होते आणि काका बरक्याच्या कोळ्यांकडून जुनी मजबूत जाळी मिळेल तितकी उचलत होते. वर्कशॉपमध्ये मोठमोठे पडदे शिवले जात होते, एकेक भिंतीएवढा. काका स्वतः जमिनीवर बसून शिवायचे, साठी उलटलेला माणूस. गुडघे धरून उठायचे आणि परत बसायचे. एका शुक्रवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले तर शेवटची तपासणी चालली होती. प्रत्येक पडद्याशी जाऊन ते गाठी ओढून बघत, मग खाली वाकत, डाव्या कोपऱ्यात हात घालत आणि म्हणत, "बरोबर." बाल्कनीला वीत, तर एवढ्या मोठ्या पडद्याला हातभर, हे प्रमाण कारागिरांनी आपलं आपणच धरलं होतं. हात आत, हात बाहेर. "बरोबर. पुढचा."

मी तिथेच उभी होते. कारागीर उभे होते. एजंट खुर्चीवर बसून फोनवर बोलत होता. कोणालाच काही वाटलं नाही. काकांच्या जाळीला फट असायचीच, त्यात बघायचं काय?

जाळी गेली, लागली. संतोषचा मेसेज आला. आवाज वेगळाच. "मामा, वर जाळी आली! आज शिट्टी मारत गाडी आणली." पाठोपाठ फोटो. वरच्या जाळीत एक ड्रोन अडकून उलटा लोंबकळत होता. काकांनी तो फोटो लाँड्रीवाल्याला दाखवला, मराठी मंडळाच्या आरतीत दाखवला, बँकेच्या खिडकीवरच्या पोरीला दाखवला. मला तर रोज दाखवायचे. "बघ, मेला कसा लटकलाय!" इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या आनंदात त्यांनी एक दिवस चक्क लिफ्टने जायची तयारी दाखवली, अर्थात दार बंद व्हायच्या आत बाहेर पडले.

आणि मग सलालाहून फोन आला. टँकर पेटला, संतोष हॉस्पिटलमध्ये आहे, जिवंत आहे. काका विमानात बसणारे नव्हतेच. काचा खाली करून सगळं वाळवंट ओलांडून गाडी चालवत गेले आणि दहाएक दिवसांनी संतोषला घेऊन आले.

तो ऑफिसात माझ्यासमोर बसला, उजवा हात खांद्यापर्यंत बँडेजमध्ये, भुवया जळून गेलेल्या. काका दाराशी उभे. वाटेत त्यांनी त्याला काहीच विचारलं नव्हतं असं दिसलं, कारण आता विचारलं. माझ्यादेखत का, ते मला कळत नाही. एकट्याने ऐकायचं धैर्य नसेल.

"आलं कुठून ते?"

"जाऊ दे ना मामा."

"वर जाळी होती. धड होती. कुठून आलं?"

"खालून."

"खालून कुठून?"

संतोष माझ्याकडे बघायला लागला. मला तोवर कळलं होतं.

"कोपऱ्यातून," तो म्हणाला. "डाव्या. रस्त्याच्या कडेने सरपटत आल्यासारखं आलं, हळू. वाऱ्याने कोपरा वर उचलला होता."

काकांनी दाराची चौकट धरली. संतोष घाईघाईने बोलायला लागला, जसं काही त्यालाच कोणाला तरी वाचवायचं होतं. "पण मामा, ऐक ना, मी पण तसल्याच कोपऱ्यातून बाहेर आलो. पुढचा टँकर पेटला, धूर, काय दिसेना. दोन्ही बाजूला जाळी. पण मला ठाव होतं ना! मी आडवा झालो, कडेकडेने हात लावत गेलो. पुढच्या पडद्याचा कोपरा गावला. फट नसती तर मी खलास होतो, मामा."

"बरोबर कोण होतं?"

"मागच्या टँकरवर चाचा होता. म्हातारा. रोज आपल्या थर्मासातला चहा पाजायचा मला." तो थांबला. "मी बोंबललो. नीचे आओ चाचा, कोने में, नीचे. धुरात त्याला अर्धंच ऐकू गेलं, वाटलं मी जाळी वर कर म्हणतोय. तो उभा राहून वरच धडका देत होता."

खालून इस्त्रीचा वास येत होता. काका हळूच म्हणाले, "त्याला कुणी सांगितलंच नाय." आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले.

हमरियात बातमी पसरायला काय लागतं? आणि लोकांना चमत्कार हवाच असतो. काकांच्या फटीने भाचा वाचला, पुण्याई हो काकांची, कबुतरांचा आशीर्वाद! मंडळात एकाने नारळ वाढवायची भाषा केली. काका त्याच्या अंगावर धावून गेले. "आणि आत कोणाच्या पुण्याईने आलं? ते विचार आधी! चाचाच्या घरी जाऊन नारळ फोड!" आम्ही त्यांना धरून घरी आणलं. मला त्यांचा इतका कळवळा आला, आणि त्या नारळवाल्याचा इतका संताप, की मी त्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आजतागायत गेले नाही.

एजंटच्या फोनचा सूर अगदी उलटा. तो ओरडला नाही, हेच वाईट. म्हणाला, काका, सगळे कोपरे शिवून पाहिजेत, नव्या पडद्यांना एक बोट जाईल इतकीसुद्धा जागा नको.

"मग आत पेटलं तर माणसं कुठून निघतील?"

"काका, पहले अंदर आने से तो रोको."

काकांनी फोन ठेवला. "तो पण बरोबर बोलतोय," मला म्हणाले. "व्हय ना?" मी मान हलवली. "आणि मी पण बरोबरच बोलतोय. मग काय करायचं गो?" मी चहा करायला उठले.

त्यांनी कोपरे शिवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बरक्याला एकटे बसून एकेक डावा खालचा कोपरा दुहेरी गाठीने बंद केला, आणि प्रत्येक पडद्याच्या खालच्या दोरीत लाल कापडाची चिंधी बांधली. हे कशाला, असं मी विचारलं. "हितं गाठ सोडली की सुटतं. ड्रायव्हरना सांग म्हणावं. चार भाषांत सांग म्हणावं." एजंट इन्शाल्ला म्हणाला. त्याने सांगितलं का, कोण जाणे. पुढे त्या रस्त्यावर आणखी काही नवीन यायला लागलं, जाळी जाळणारं की कापणारं, मग एजंटचे फोनच बंद झाले.

त्यानंतर एक दिवस काका आमच्या घरी आले, न सांगता, जिन्याने. सरळ बाल्कनीत गेले, त्यांनीच लावलेल्या जाळीच्या कोपऱ्याशी बसले. मला वाटलं आता हाही शिवणार. सुई हातात होती. जाळीची मोकळी कड त्यांनी बोटांत धरली, थोडा वेळ नुसती धरूनच ठेवली. मग वर आकाशाकडे बघितलं.

"राहू दे," म्हणाले. "हितं वरून अजून काय येत नाय."

जाताना मात्र माझ्या नवऱ्याला हाताला धरून बाल्कनीत नेलं आणि तो कोपरा दाखवला. त्यानंतर महिनाभर हेच चाललं होतं म्हणे. जुन्या जुन्या गिऱ्हाइकांची दारं वाजवायची, फट दाखवायची, निघायचं. "ठेवली म्हणून भागत नाय," एकीला सांगितलं, "सांगाय लागते." लोक म्हणाले काका आता पुरतेच गेले.

मग ते खरंच गेले, संतोषला घेऊन, गावी. निरोप वगैरे नाही. मी सकाळी ऑफिसात आले तर टेबलं रिकामी, एसी बंद आणि दार सताड उघडं. ते मी पहिल्यांदाच तसंच राहू दिलं. घराचा स्लॅब टाकून झाला असं ऐकलं. काका दिवसभर अंगणात बसतात, एवढंच संतोष सांगतो.

आम्ही आता मस्कतच्याच दुसऱ्या टोकाला, अल खौदला राहतो. नवी बिल्डिंग, नवीन कंपनीची जाळी, युनिफॉर्म घातलेली पोरं, लेझरने माप. कुठे बोटभर फट नाही. यंदा जूनमध्ये सुट्टीला निघालो, बॅगा खाली गेल्या, आणि मी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन बाल्कनीत गेले. आतून बाहेर बघताना डावीकडे, जमिनीलगत. माझी वीत लहान, म्हणून जरा जास्तच कापलं. जाळीबाहेर एसीच्या डब्यावर एक कबुतर बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघत होतं.

"डावा खालचा कोपरा," मी त्याला सांगितलं. "आणि बाकीच्यांना पण सांग."

"अगं, टॅक्सी थांबलीय!" नवरा दारातून ओरडला. "कोणाशी बोलतेयस?"

"आले," मी म्हटलं. पण मला उठता येईना. त्या कबुतराला नीट कळलंय की नाही, तेवढं मला बघायचं होतं.